प्रतिस्पर्धी कंपनीतला जोडीदार

प्रश्न : मी एका कंपनीच्या निविदा विभागात काम करते. प्रतिस्पर्धी कंपनीत हेच काम करणाऱ्या एकाशी निविदापूर्व बैठकांमध्ये माझी ओळख झाली आणि गेले वर्षभर आमचे प्रेमसंबंध आहेत. कामाविषयी एकमेकांशी बोलायचे नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले आणि पाळलेही. नुकतीच एक मोठी निविदा अगदी थोड्या फरकाने त्याच्या कंपनीला मिळाली आणि ‘आपला दर बाहेर गेला असावा’ अशी कुजबुज आमच्या ऑफिसात सुरू झाली. आमच्याविषयी तेथे कोणालाच माहिती नाही. आता ऑफिसात सांगावे, की दोघांपैकी एकाने नोकरी बदलेपर्यंत गप्प राहावे?

उत्तर : सांगावे, आणि लवकर सांगावे. हीच गोष्ट उद्या दुसऱ्या कोणाकडून वरिष्ठांच्या कानावर गेली, तर तुम्ही वर्षभर पाळलेल्या पथ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मोहोरबंद निविदेत दर उघडेपर्यंत गुप्त राहावेत यावरच सारी पद्धत उभी असते, आणि बोली लावणाऱ्यांमधील संगनमत अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांनुसार कारवाईस पात्र ठरते. शिवाय हितसंबंध जाहीर करणारे निवेदन पुष्कळ निविदांसोबत मागितले जाते. तुम्ही अशा कागदावर सही केली असेल, तर त्यातला मजकूर आजच पुन्हा वाचा. त्यात जवळच्या नात्यांचा उल्लेख असल्यास वरिष्ठांकडे जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

कामाविषयी बोलत नाही, हे तुमचे म्हणणे मला खरे वाटते; तरीही ते पुरेसे नाही. मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात तो रोज रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो, अचानक कामाची जागा पाहायला जातो, तुमचा फोन आला की ‘आज नको’ एवढेच म्हणतो. या कामात मुरलेल्या माणसाला त्याची कंपनी बोली लावणार की नाही, हे एवढ्यावरून उमगते. तुम्हालाही ते कधी ना कधी उमगलेच असेल, आणि एकदा उमगलेले विसरता येत नाही. म्हणून नुसत्या निग्रहावर विसंबण्यापेक्षा कामाची वाटणीच बदलून घेणे बरे.

आधी त्याच्याशी बोला आणि दोघांनी आपापल्या वरिष्ठांना एकाच दिवशी लेखी कळवा. नाते कधीपासून आहे, त्या काळात कोणत्या निविदांमध्ये तुम्ही समोरासमोर होता आणि पुढे अशा निविदांपासून तुम्हाला दूर ठेवावे, एवढे पुरे. प्रेमकथा सांगण्याची गरज नाही. हरलेल्या निविदेचा उल्लेख मात्र स्वतःहून करा. चौकशी झालीच, तर एकमेकांना पाठवलेले जुने मेसेज पुसून टाकण्याचा मोह होईल. ते मुळीच करू नका, कारण तुमची बाजू सिद्ध करणारा बहुधा तोच एक पुरावा तुमच्यापाशी आहे.

याहून उघड स्पर्धेतही असे नाते टिकलेले आहे. १९९२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जेम्स कार्व्हिल हे बिल क्लिंटन यांचे प्रमुख रणनीतिकार होते, तर मेरी मॅटलिन या थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचारयंत्रणेत वरिष्ठ पदावर होत्या. त्यांचे नाते कोणापासून लपलेले नव्हते. क्लिंटन निवडून आले आणि १९९३मध्ये या दोघांनी लग्न केले. (मधल्या काळात त्यांच्यात काय बोलणे होत असेल, याचे मला फार कुतूहल आहे.)

नोकरी सोडण्याचा विचार सर्वांत शेवटी करा. आधी निविदांशी संबंध नसलेल्या विभागात बदली मिळते का ते पाहा, आणि ती तुम्हीच घ्यायची, असे कोणी गृहीत धरत असेल तर ते मान्य करू नका. एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. निकाल कळला त्या दिवशी तुम्हाला त्याचीच शंका आली होती का? आली असेल, तर हे नाते आणखी पुढे जाण्याआधी ते त्याच्याजवळ बोलून टाका.

प्रश्न : मी वकील आहे. माझी नियोजित पत्नी एका खटल्यात विरुद्ध पक्षाची वकील आहे. अशिलाला सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आणि तिनेही तिच्या अशिलाला सांगावे. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांवरील भाष्यानुसार पती-पत्नींसारख्या निकटच्या नात्यातील वकिलांनी, दोन्ही अशिलांनी सारे समजून घेऊन संमती दिल्याखेरीज, एकाच प्रकरणात परस्परविरुद्ध उभे राहू नये. तुमचे लग्न अजून व्हायचे असले, तरी त्यामागचे कारण तुम्हालाही लागू पडते. तुमच्या बार कौन्सिलचे नियम पाहा आणि संमती लेखी घ्या. अशिलाने नकार दिला, तर खटला सहकाऱ्याकडे सोपवण्याची तयारी ठेवा. त्या भाष्यातही अशी अडचण सहसा त्या वकिलापुरतीच मानली आहे, त्याच्या संपूर्ण फर्मची नव्हे.