बेटांवरच्या पुरातत्त्वात पीएचडीसाठी न्यूझीलंडला यावं का?

पुरातत्त्वात एमए झालंय, प्रशांत महासागरातल्या बेटांवर माणूस कधी पोचला यावर पीएचडी करायची आहे, तर न्यूझीलंडला यावं का आणि पुढे नोकरीचं काय, असं तुम्ही विचारलंय.

जरूर या. पण विद्यापीठ शोधण्याआधी हातात कोणती वस्तू घेऊन काम करणार ते ठरवा: खापरं, हाडं, शिंपले, कोळसा की ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच). नुसतं खोदता येणारे इथे पुष्कळ आहेत.

या विषयातले निम्मे वाद तारखांचे. न्यूझीलंडचंच घ्या. माणसाबरोबर होडीतून आलेल्या उंदरांच्या हाडांवरून इथे दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी येऊन गेलं असावं, असं निघालं होतं. मग उंदरांनी कुरतडलेल्या बिया कार्बन-१४ पद्धतीने, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढून, तपासल्या. दातांच्या खुणा बीवर स्पष्ट दिसतात, आणि बीचं आयुष्य थोडं, त्यामुळे ती शेकडो वर्षांच्या झाडाच्या कोळशासारखी, झाडाचंच जुनं वय दाखवून, फसवत नाही. सर्वांत जुन्या बिया निघाल्या इ. स. १२८० च्या आसपासच्या. शिंपल्यांचा घोळ वेगळाच: समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे ते काही शतकं जास्त जुने दिसतात, आणि ही दुरुस्ती जागेगणिक बदलते. हे गणित पक्कं असेल तर तुमच्या अर्जाला वजन येतं.

पैशांचं म्हणाल तर पीएचडीला परदेशी विद्यार्थ्यांनाही स्थानिकांइतकीच फी असते. मास्टर्सला ही सवलत नाही, तेव्हा इथे येऊन पुन्हा मास्टर्स करू नका.

बेटांवर परवानगीशिवाय कुदळ उचलता येत नाही. वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने १९८५ ते १९९४ परदेशी संशोधकांना चक्क बंदी घातली होती. आजही तिथल्या सांस्कृतिक केंद्राची परवानगी लागते, गावकऱ्यांची तर आधी. आणि ते योग्यच आहे. तिथल्याच एफाते बेटावरची तेओउमा या जागेची दफनभूमी, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, २००४ मध्ये उजेडात आली ती मातीकामात सापडलेल्या एका नक्षीदार खापरामुळे. तिकडे जायचं असेल तर बिस्लामा ही वानुआतूची भाषा आधीपासून शिकायला घ्या.

नोकरी? प्राध्यापकीच्या जागा मोजक्याच. पोट भरतं ते कंत्राटी कामावर: १९०० पूर्वीच्या जागेला धक्का लावायचा तर २०१४ च्या कायद्याने परवानगी लागते, म्हणून रस्ते-घरं बांधणारे पुरातत्त्वज्ञ नेमतात. त्यात माओरी वस्तीच्या खुणा मिळतात, तसे एकोणिसाव्या शतकातल्या बाटल्या नि विटांचे नालेही. मला कंटाळा येत नाही, काहींना येतो.

आणि मातीचे नमुने आणणार असाल तर जैवसुरक्षा परवाना निघण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका.