फुगलेला गुडघा आणि गोळीची घाई

प्रश्न: मुलगा कबड्डी खेळतो. लिगामेंटच्या ऑपरेशनला १२ दिवस झाले. गुडघा पुन्हा टम्म फुगलाय, रात्री ताप येतो. घरची अँटिबायोटिक देऊ का? बसवलेलं लिगामेंट काढावं लागेल?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, गोळी नको. आजच सर्जनकडे न्या. सुईने सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवू द्या. आधीच औषध पोटात गेलं की जंतू बरेचदा सापडत नाही, मग आम्ही डॉक्टर अंधारात चाचपडतो. संसर्ग निघाला तर दुर्बिणीतून सांधा धुतात, कधी दोन-तीनदा. अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे, सुरुवातीला शिरेतून. लवकर धुतलं तर लिगामेंट बहुधा वाचतं. कुजलं, सैल पडलं तरच काढतात. शेक, मालीश अजिबात नको. कबड्डीचं तूर्त विचारूच नका.