आजीची पेटी, नातीचा कॅमेरा

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे आजी-आजोबा आणि त्यांचे फोटो या एकाच विषयाची आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे भाग होते, त्यामुळे उरलेल्या दोघांसाठी जागा थोडी कमी राहिली आहे.

प्रश्न : मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे आणि कामासाठी स्पिती, कच्छचे रण, मेघालय असे माझे सतत फिरणे असते. लहानपण मात्र लालबागच्या चाळीत आजीजवळ गेले. आजोबा गिरणीत साच्यांवर (कापड विणण्याच्या मागांवर) होते आणि आजी घरातच गिरणी कामगारांची खानावळ चालवीत असे. आजोबांना फोटोंची फार हौस. त्यांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर त्यांनी गावाचे, चाळीचे, पंढरपूरचे आणि आजीबरोबर केलेल्या काशीयात्रेचे फोटो काढले. आजी आता ८८ वर्षांची आहे आणि आमच्याकडे कांदिवलीला असते. तिच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे फोटो आणि निगेटिव्ह डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या सापडल्या. काही निगेटिव्हवर बुरशी आहे, काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्या कशा वाचवाव्यात? दुसरे असे की, ठिकठिकाणच्या अनोळखी म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी टिपले, पण माझ्याच आजीचा मनासारखा एकही फोटो माझ्याजवळ नाही. कॅमेरा पुढे केला की "या तोंडाचे आता कसले फोटो काढतेस?" म्हणून ती पदर ओढून घेते. शिवाय काशीला जाऊन आजोबा जिथे उभे राहिले तिथूनच तेच फोटो पुन्हा काढावेत असेही मनात आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : सुरुवात आजीपासून करा. पेटीचे काम त्यानंतरचे आणि काशी तर त्याच्याही नंतरची. निगेटिव्ह नीट कोरड्या ठेवल्या तर आणखी काही महिने थांबू शकतात. पण त्या फोटोंतली माणसे कोण, कुठल्या निमित्ताने एकत्र आली, त्या दिवशी काय घडले, हे सांगू शकणारी घरात एकच व्यक्ती आहे आणि ती ८८ वर्षांची आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. फोटो महागड्या यंत्रावर स्कॅन होतात, रंग सुधारले जातात, आणि मग लक्षात येते की दुसऱ्या ओळीतल्या बाईंचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही.

पेटीतले छापील फोटो आधी मोबाइलवरच टिपून घ्या. क्लिक थ्रीच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चित्रे येत, आणि पुष्कळ घरांत त्याच आकाराचे छोटे चौकोनी फोटो छापून घेतले जात. या वयाच्या नजरेला एवढ्या फोटोतले चेहरे ओळखता येणे कठीण असते. म्हणून प्रत्येक फोटो साध्या कागदावर मोठा करून छापा, आजीच्या हातात द्या, फोन बाजूला आवाज टिपायला लावून ठेवा आणि तिला बोलू द्या. "हा कधीचा?" असे विचारू नका. आपल्या आज्यांचे कॅलेंडर सनांवर चालत नाही. ते "तुझा बाप पोटात होता", "धाकट्या नणंदेचे लग्न झाले त्या वर्षी", "संपाच्या आधी" असे चालते. ती सांगेल ते तिच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून ठेवा आणि सनावळीचा शोध तुम्ही नंतर घ्या.

त्या शोधात फोटोच पुष्कळ मदत करतात. रस्त्यात ट्राम दिसली तर तो फोटो ३१ मार्च १९६४ नंतरचा असू शकत नाही, कारण त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसत असेल तर फोटो २६ जानेवारी १९६१ नंतरचा. एखाद्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता नीट वाचा : सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, त्याआधी नुसते 'मुंबई १२' असे लिहीत. दुकानाच्या पाटीवर भाव आण्यांत असतील तर तो बहुधा १९५७ च्या आधीचा किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतला, कारण त्या वर्षी दशमान नाणी आली, तरी लोकांच्या तोंडी आणे पुढेही बराच काळ राहिले. अशा दोन-तीन खुणा आणि आजीची एक आठवण जुळली की साल बहुतेक वेळा हाती लागते. ते फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि त्याची शाई कालांतराने पसरते.

खानावळीबद्दल आजीला विशेष विचारा. तुमच्या पत्रात खानावळीचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, पण मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत, आणि त्यांच्या पोटाची व्यवस्था लालबाग-परळच्या अशाच बायकांनी सांभाळली. हे काम घरातच होत असल्यामुळे त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम उभारले, तेव्हा कुठे त्यांच्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि जेवणाऱ्यांच्या हाती पगारच राहिला नाही. त्या दिवसांत आजीने किती जणांना उधारीवर जेवू घातले, कोणाचे पैसे आले आणि कोण निरोप न घेता गावी निघून गेला, हे तिला पक्के आठवत असेल. आजोबांच्या फोटोंत कुठेतरी परात, चूल, पंगत, गॅलरीत वाळत टाकलेली धुणी दिसत असतील. बाकीच्यांना ती नुसती पार्श्वभूमी वाटेल, पण आजीच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच आहे.

आता तिच्या फोटोंविषयी. "या तोंडाचे कसले फोटो" असे ती म्हणते त्यात लाजेपेक्षा जुन्या रिवाजाचा भाग अधिक असावा. तिच्या काळी फोटो म्हणजे नवे लुगडे, नीट बसवलेला पदर, डोळे रोखून पाहणे आणि मान न हलवणे. घरातल्या गाऊनवर, विस्कटलेल्या केसांनी फोटो काढून घेणे तिला कमीपणाचे वाटत असेल, तर तो तिचा अधिकार आहे आणि तो आधी मान्य करा. एक फोटो तिला हवा तसाच काढा : ती निवडेल ती साडी, ती निवडेल ती खुर्ची, आणि हवी असल्यास भिंतीवरची आजोबांची तसबीर चौकटीत. तो छापून, फ्रेम करून तिच्या हाती द्या. माझा अनुभव असा की, एकदा हा मानाचा फोटो झाला की माणूस कॅमेऱ्यापुढे सैल होतो.

त्यानंतर ती काही काम करत असताना काढा. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी भाकऱ्या थापणे होत नसेल, तरी मेथी निवडणे, वाती वळणे, लसूण सोलणे चालूच असेल. सकाळचा खिडकीतला उजेड वापरा, फ्लॅश नको; मोबाइल किंवा छोटा कॅमेरा चालेल, पण तुमच्या धंद्यातली लांब लेन्स नको, कारण त्या लेन्समुळे तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाता आणि आजीशी बोलणे तुटते. जवळ बसा, ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स लावा, आणि बोलता बोलता मधूनच एखादा फोटो घ्या. आणखी एक आग्रह : घरातल्या कोणाला तरी तुमचा दोघींचा फोटो काढायला सांगा. घरात जो फोटो काढतो तो बहुधा फोटोत नसतो. आजोबांचेही तसेच झाले असणार. मात्र त्या वेळी सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढण्याची शिकवण होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत खालच्या बाजूला जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली सापडते. आजोबांच्या निगेटिव्हमध्ये ती जरूर शोधा आणि सापडली तर फोटो कापून सावली घालवू नका.

पेटीचे काम दोन भागांत करा. आधी डांबरगोळ्या बाहेर काढा. त्यांची वाफ फोटोंना अपायकारक असते. आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या करा. हा वास फिल्मच्या अॅसिटेट या प्लॅस्टिकच्या पट्टीचे विघटन होऊन अॅसेटिक आम्ल सुटत असल्याचा आहे. तो थांबवता येत नाही, आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही त्याची बाधा होते. अशा निगेटिव्ह आक्रसतात आणि वेटोळ्या होतात, म्हणून स्कॅनिंगमध्ये त्यांचा नंबर पहिला लावा आणि तोवर त्या हवाबंद डब्यात कोंडू नका. साध्या कागदी पाकिटात, घरातल्या थंड जागी ठेवा. बुरशी आलेल्या निगेटिव्ह पाण्याने मुळीच धुऊ नका. बुरशी फिल्मवरचे जिलेटिन खाते आणि तेवढ्या जागी ते पाण्यात विरघळू लागते, म्हणजे बुरशीबरोबर चित्रही जाते. तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने झटका, आणि तेवढ्याने निघाली नाही तर तशीच स्कॅन करा. चांगल्या निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटांत न ठेवता आम्लमुक्त कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घाला आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करायला हवे. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, कारण तिथे ओल पहिली येते. शक्य असेल तर हे सगळे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. स्कॅनिंगसाठी तुमचाच कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एलईडीचा सपाट दिवा पुरेसा आहे. स्कॅनर वापरलात तर २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) प्रत्येक बाजूस पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात. क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाने टिपलेला सगळा तपशील त्यात येतो, त्यापलीकडे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

काशीला जरूर जा, पण तेच फोटो पुन्हा काढण्याचा हट्ट धरू नका. विश्वनाथ मंदिर परिसराचे नवे स्वरूप डिसेंबर २०२१ मध्ये खुले झाले, आणि त्यासाठी मंदिर ते गंगा या पट्ट्यातल्या कित्येक गल्ल्या आणि घरे गेली. आजोबा ज्या ओट्यावर उभे राहिले असतील तो आज नसण्याचा संभव मोठा आहे. घाट आहेत, पायऱ्या आहेत, नावा आहेत. जाण्याआधी आजीला विचारा की तिला तिथले काय पाहायचे आहे. कदाचित ती दशाश्वमेधाचे नाव घेणारच नाही, आणि ज्या धर्मशाळेत ते उतरले तिचा जिना किंवा जिथे कढी-पुरी खाल्ली ते दुकान सांगेल. ते शोधा, सापडो न सापडो, आणि परत येऊन तिला दाखवा. आणि काशीच्याही आधी एका रविवारी गाडी करून तिला लालबागला घेऊन जा. त्या प्रवासात ती तुम्हाला जेवढे सांगेल तेवढे काशीचे घाट सांगू शकणार नाहीत.

प्रश्न : आजोबांचा एकच मोठा फोटो आमच्या घरात आहे. तो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. काढायचा कसा? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : काढू नका. ओलसर हवेत फोटोवरचे जिलेटिन फुगून काचेला धरते, आणि ओढले तर चेहराच काचेवर राहून जातो. मागचा पुठ्ठा अलगद सोडवा, काच बाहेरून पुसा, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन काचेसकट फोटोचा चांगला फोटो काढा, आणि त्याची प्रत भिंतीवर लावा. मूळ फोटो काचेसह सपाट ठेवून द्या. तो सोडवून घ्यायचाच असेल तर संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्या. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा.

प्रश्न : माझे आजोबा बरेच महिने अंथरुणाला खिळून आहेत. मी त्यांचा लाडका नातू आणि हौशी छायाचित्रकारही. या अवस्थेत त्यांचे फोटो काढावेत असे मला तीव्रतेने वाटते, पण घरातले म्हणतात की हे बरे दिसत नाही. तुमचे मत काय? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आजोबा शुद्धीवर असतील आणि कळत असेल, तर त्यांनाच विचारा, घरातल्या सगळ्यांच्या मतापेक्षा त्यांचा होकार किंवा नकार मोठा. नुसती मान हलवली तरी ते उत्तर समजा. ते सांगू शकत नसतील, तर ते धडधाकट असताना स्वतःच्या दिसण्याविषयी कसे होते हे आठवा. दाढी केल्याशिवाय दार न उघडणारा माणूस असेल, तर नळ्या लावलेला त्यांचा चेहरा टिपण्याचा हक्क आपल्याला नाही, मग आपले प्रेम कितीही असो. तरीही तुमच्या इच्छेत मला गैर काही दिसत नाही. त्यांचा हात आजीच्या हातात असेल तो क्षण घ्या, उशाजवळचा चष्मा आणि पोथी घ्या, खिडकीतून त्यांना जे दिसते ते घ्या. हे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका आणि इतर कुठेही नको. छापून एका पाकिटात आजीकडे द्या, पुढे काय करायचे ते तिला ठरवू द्या. कॅमेऱ्यामुळे त्यांना पाणी द्यायला किंवा कूस बदलून द्यायला एक मिनिटही उशीर होतो आहे असे वाटले, तर तो त्या दिवसापुरता कपाटात ठेवा.