आरएसआय (भावाचा जोर मोजणारा इंडिकेटर) ७० च्या वर गेला म्हणून विकलं, तरी भाव चढतच राहतो. मग ५ मिनिटांच्या चार्टवर ट्रेंड उलटतोय हे ओळखायचं कसं? आणि १ मिनिटाच्या चार्टवर ते जमेल का?

तुमचा आरएसआय बरोबरच सांगतोय, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय. हीच चूक मी कितीतरी महिने केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला हा आकडा मुळात साधा आहे: ठरावीक कँडलमधली (५ मिनिटांच्या चार्टवर एक कँडल म्हणजे ५ मिनिटांतली भावाची हालचाल) सरासरी चढ आणि सरासरी उतार यांचं गुणोत्तर, ० ते १०० च्या मापात बसवलेलं. नेहमीचं सेटिंग १४ चं असतं, म्हणजे ५ मिनिटांच्या चार्टवर साधारण गेली ७० मिनिटं. आरएसआय ७० झाला याचा अर्थ एवढाच, की या काळात सरासरी चढ ही उताराच्या सुमारे २.३ पट होती. आता सांगा, ही तेजी संपल्याची खूण झाली की तेजी जोरात असल्याची? जोरदार ट्रेंडमध्ये आरएसआय तासन्‌तास ७० च्या वर ठाण मांडून बसतो आणि आपण दर वीस मिनिटांनी शॉर्ट करून (भाव पडेल म्हणून आधी विकून) स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायची ठरवलेली पातळी, देत राहतो.

म्हणून मी आता आधी नुसता भाव बघतो. तेजीत प्रत्येक शिखर आधीच्या शिखराच्या वर आणि प्रत्येक तळ आधीच्या तळाच्या वर असतो. ही माळ तुटत नाही तोवर ट्रेंड उलटला असं म्हणायचं नाही, मग इंडिकेटर काहीही म्हणोत.

समजा भाव १०० वरून १०४, मग १०२.५, मग १०६, मग १०४.५ आणि तिथून १०७ असा गेला. आता तो १०५ पर्यंत उतरला. अनेकजण इथेच 'रिव्हर्सल!' म्हणून उडी मारतात. पण १०४.५ चा तळ अजून शाबूत आहे, म्हणजे हा फक्त पुलबॅक, चढणीतली तात्पुरती उतरण आहे. मग भाव उसळला, पण १०६.३ लाच दमला. इथे माझे कान टवकारतात, कारण पहिल्यांदाच आधीपेक्षा खालचं शिखर तयार झालं. तरी मी काही करत नाही. त्यानंतर एखादी कँडल १०४.५ च्या खाली बंद झाली, नुसती शेपटी (कँडलची बारीक रेघ) खाली जाऊन आली नाही, तर माळ तुटली. मी बहुतेक वेळा तेव्हाही लगेच घुसत नाही. भाव परत १०४.५ च्या आसपास येऊन तिथून हाकलला जातो का, हे बघतो. तसं झालं तर शॉर्ट, आणि स्टॉपलॉस १०६.३ च्या किंचित वर. कधीकधी भाव परत येतच नाही आणि सौदा हुकतो. हुकू दे.

हिशेब बघा: शिखर १०७ ला आणि तुम्ही आत शिरलात १०४.५ च्या आसपास. अडीचएक अंक हातचे गेले. 'आधीच ओळखायचं' या हट्टाची खरी अडचण हीच. शिखर हे शिखर होतं, हे नंतरच कळतं. जे इंडिकेटर अगदी टोकावर बाण दाखवतात, त्यांच्यापासून सावध राहा. शिखरं-तळ रेघेने जोडणाऱ्या झिगझॅगची शेवटची रेघ भावासोबत पुन्हा पुन्हा आखली जाते, म्हणून जुन्या चार्टवर तो देवासारखा दिसतो. शिखर-तळांवर खूण करणाऱ्या फ्रॅक्टलला शिखराच्या पुढच्या दोन कँडल पूर्ण व्हाव्या लागतात, म्हणजे ५ मिनिटांवर तो दहा मिनिटं उशिरा उगवतो.

मग आरएसआय काढून टाकायचा का? नाही. भाव नवीन शिखर गाठतो पण आरएसआयचं शिखर आधीपेक्षा खाली राहतं, त्या डायव्हर्जन्सला किंमत आहे. पण ती फक्त सूचना. चांगल्या ट्रेंडमध्ये तीन-तीन डायव्हर्जन्स ओलांडून भाव पुढे गेलेला मी पाहिलाय, एकदा तर प्रत्येक वेळी शॉर्ट करून.

व्हॉल्यूमचंही तसंच. लांबलचक चढणीनंतर प्रचंड व्हॉल्यूम आला आणि कँडलचं अंग मात्र इवलंसं राहिलं, तर वर कोणीतरी माल सोडतंय असा संशय घ्यायला जागा असते. (तुम्ही चलनांच्या स्पॉट बाजारात असाल तर तिथे एक मध्यवर्ती एक्स्चेंज नाही. चार्टवरचा व्हॉल्यूम बहुधा त्या ब्रोकरकडे भाव किती वेळा हलला त्याची मोजणी असते.)

कँडलच्या आकृत्यांबद्दल एकच: ती बंद होईपर्यंत तिला नाव देऊ नका. दोन मिनिटं बाकी असताना दिसणारा शूटिंग स्टार (वर लांब शेपटी असलेली, उतरणीची खूण मानली जाणारी कँडल) पाच मिनिटं भरेपर्यंत भक्कम हिरवी कँडल होऊ शकतो. आणि तीच आकृती अधांतरी दिसली तर मी दुर्लक्ष करतो. आदल्या दिवसाच्या उच्चांकाशी किंवा तासाच्या चार्टवर आधी भाव अडलेल्या जागी दिसली, तर थांबून बघतो. तासाच्या चार्टवर तेजी धडधाकट असेल, तर ५ मिनिटांवरचं 'रिव्हर्सल' बहुतेकदा तिथला किरकोळ पुलबॅक निघतो. तिथे शॉर्ट केलंच तर मी लहान नफ्यावर समाधान मानतो.

१ मिनिटाच्या चार्टवर हे जमेल का, असंही तुम्ही विचारलंय. शिखरं-तळांचा नियम तोच, पण तळ इतके जवळजवळ पडतात की एका मोठ्या ऑर्डरनेही माळ तुटल्यासारखी दिसते. शिवाय ब्रोकरेज आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक छोट्या हालचालीचा मोठा घास घेतात. मी स्वतः १ मिनिटावर फक्त ५ मिनिटांवर ठरलेल्या सौद्याची वेळ साधतो.