नवी नोंद साठवताना ४०३ येतो: दोष मॅपिंगचा की सुरक्षेचा?

माझ्या समजुतीप्रमाणे तुमची अडचण अशी आहे. स्प्रिंग बूट (जावाची वेब-चौकट) २.७ वर चालणारा प्रकल्प तुम्ही ३.२ वर आणला, डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि ओळख जेडब्ल्यूटी टोकनवरून (लॉगिननंतर मिळणाऱ्या सही केलेल्या ओळखपत्रावरून) पटवली जाते. लॉगिन होते, ग्राहकांची यादी दिसते, पण नवा ग्राहक साठवायला गेले की ४०३ (‘परवानगी नाही’ हा सर्व्हरचा संकेतांक) येतो आणि प्रतिसादाचा मजकूर रिकामा असतो. सीएसआरएफ (दुसऱ्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवू नये यासाठीचे संरक्षण) बंद करून झाले, ‘/एपीआय/’ खालच्या सगळ्या पत्त्यांना ‘परमिट-ऑल’ (सर्वांना मुक्त प्रवेश) देऊन झाले, तरी ४०३ हटत नाही. तुमचे एक सहकारी मॅपिंगला (जावाचे वर्ग आणि टेबले यांच्या जुळणीला) दोष देतात, दुसरे सुरक्षेच्या कॉन्फिगरेशनला, आणि नेमके कोणाचे खरे, असे तुम्ही विचारले आहे. (वर्गांची, सेटिंगांची व आज्ञांची नावे मी इथे देवनागरीत लिहीत आहे; फाइलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन रूपातच घालावीत.)

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला जवळजवळ खात्री वाटते की तुम्हाला दिसणारा ४०३ हा तुमच्या मूळ रिक्वेस्टला मिळालेला नकार नाही. मूळ रिक्वेस्ट सुरक्षेच्या साखळीतून सुखरूप आत गेली, कंट्रोलरपर्यंत (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडपर्यंत) पोहोचली, तिथे डेटाबेसकडून अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालू कामात उद्भवलेली त्रुटी) आला, आणि तो अपवाद कोणीच पकडला नाही म्हणून सर्व्हरने तीच रिक्वेस्ट आतल्या आत ‘/एरर’ या पत्त्याकडे वळवली. स्प्रिंग सिक्युरिटी ६ मध्ये अधिकृततेची तपासणी अशा वळवलेल्या रिक्वेस्टलाही लागू होते. आधीच्या आवृत्तीत मूलतः ती होत नव्हती. आता तुमचा टोकन तपासणारा फिल्टर बहुधा ‘वन्स-पर-रिक्वेस्ट-फिल्टर’ या वर्गावर बेतलेला असेल, आणि हा वर्ग त्रुटीसाठी वळवलेल्या रिक्वेस्टवर आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय चालत नाही. सेशन नाही, टोकन पुन्हा वाचले गेले नाही, म्हणजे ‘/एरर’ च्या दारात वापरकर्ता अनोळखी ठरतो. फॉर्म-लॉगिन किंवा बेसिक ऑथेंटिकेशन यांपैकी काहीच जोडलेले नसेल तर अनोळखी माणसाला स्प्रिंग सिक्युरिटी मूलतः ४०३ देऊन परत पाठवते. परिणामी खरा ५०० (सर्व्हरमधल्या त्रुटीचा संकेतांक) कोणाला दिसतच नाही.

तुमच्याच प्रयोगात याचा पुरावा दडलेला आहे. ‘परमिट-ऑल’ तुम्ही ‘/एपीआय/’ खालच्या पत्त्यांना दिलेत, आणि ‘/एरर’ त्यांत बसत नाही. तेच ‘एनी-रिक्वेस्ट’ ला दिले असते तर ४०३ जाऊन लगेच ५०० दिसला असता. सीएसआरएफ बंद करूनही फरक पडला नाही, याचेही कारण हेच: आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खात्री करून घेण्यासाठी ‘लॉगिंग.लेव्हल’ मध्ये स्प्रिंग सिक्युरिटीच्या पॅकेजची पातळी ‘ट्रेस’ करा, ग्राहक साठवण्याची रिक्वेस्ट एकदाच पाठवा आणि लॉग वरून खाली सावकाश वाचा. आधी ‘सिक्युअरिंग पोस्ट /एपीआय/कस्टमर्स’ अशी ओळ येईल, मग त्याच पत्त्यासाठी ‘सिक्युअर्ड’ अशी. ही दुसरी ओळ दिसली की तुमची रिक्वेस्ट आत सोडली गेली आहे हे निश्चित. त्यानंतर डेटाबेसच्या अपवादाचा लांबलचक ढीग (स्टॅकट्रेस) असेल, आणि त्याच्याही खाली ‘सिक्युअरिंग पोस्ट /एरर’ व पाठोपाठ ‘रिजेक्टिंग ॲक्सेस’ असा शेवट असलेली ओळ. बहुतेक लोक लॉगच्या शेवटच्या ओळी वाचतात आणि तिथे सुरक्षेचे नाव पाहून सुरक्षेची फाइल उघडतात. वाचायचा असतो तो मधला ढीग, आणि त्यातही सर्वांत खालचे ‘कॉज्ड बाय’.

हा मुखवटा काढण्यासाठी सुरक्षेच्या नियमांत ‘/एरर’ या पत्त्याला, किंवा त्याहून नेमकेपणाने ‘डिस्पॅचर-टाइप-मॅचर्स’ वापरून ‘एरर’ प्रकारच्या रिक्वेस्टना परवानगी द्या. यात धोका आहे का, अशी शंका रास्त आहे. स्प्रिंग बूट २.३ पासून त्रुटीच्या प्रतिसादात अपवादाचा संदेश मूलतः जात नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाला फक्त ५०० आणि वेळ, पत्ता इतकेच दिसते. मात्र तपासाच्या भरात कोणी ‘सर्व्हर.एरर.इन्क्लूड-मेसेज’ किंवा ‘इन्क्लूड-स्टॅकट्रेस’ यांना ‘ऑलवेज’ करून ठेवले असेल, तर ते प्रत्यक्ष सर्व्हरवर जाऊ देऊ नका. टेबलांची आणि कॉलमांची नावे त्यातून सरळ बाहेर पडतात.

आता खऱ्या दोषाकडे वळतो. यादी दिसते पण नवी नोंद साठत नाही, आणि हे आवृत्ती बदलल्यावरच सुरू झाले, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर माझा पहिला संशय सीक्वेन्सवर (नव्या आयडींसाठी क्रमाने आकडे देणाऱ्या डेटाबेसमधल्या मोजणीवर) जातो. हायबरनेट ही जावाचे वर्ग टेबलांशी जोडणारी लायब्ररी, आणि स्प्रिंग बूट ३ सोबत तिची सहावी आवृत्ती येते. हायबरनेट ५ मध्ये आयडीसाठी नुसते ‘जनरेशन-टाइप ऑटो’ लिहिले असेल तर पोस्टग्रेसवर सगळ्या एंटिटी (टेबलांशी जोडलेले वर्ग) ‘हायबरनेट_सीक्वेन्स’ नावाच्या एकाच सीक्वेन्सवरून आकडे घेत. हायबरनेट ६ प्रत्येक एंटिटीसाठी वेगळा सीक्वेन्स शोधतो. तुमच्या ‘कस्टमर’ एंटिटीसाठी ‘कस्टमर_सेक’. तुमच्या डेटाबेसात तो नाही. ‘डीडीएल-ऑटो’ (हायबरनेटने टेबले स्वतः तयार करावीत की तपासावीत हे ठरवणारे सेटिंग) ला ‘नन’ ठेवले असेल (बाहेरच्या डेटाबेससाठी तेच मूलतः असते) तर ॲप्लिकेशन निमूट सुरू होते, वाचनाला सीक्वेन्स लागत नसल्याने यादीही दिसते, आणि पहिल्या ‘इन्सर्ट’ च्या वेळी ‘रिलेशन कस्टमर_सेक डझ नॉट एक्झिस्ट’ असा अपवाद येतो. तुमच्या लॉगच्या मधल्या ढिगात मला हेच वाक्य सापडेल असे वाटते.

इथे घाईने ‘क्रिएट सीक्वेन्स कस्टमर_सेक’ चालवून मोकळे होण्याचा मोह होतो, पण त्याने दुसरी अडचण उभी राहते. पोस्टग्रेसमध्ये असा सीक्वेन्स एकेकाने वाढतो, तर हायबरनेट ६ ची अपेक्षा ५० ने वाढण्याची असते. हा फरक लक्षात आला की हायबरनेट सुरू होतानाच अपवाद फेकतो, आणि ते बरेच आहे. तो निमूट चालला असता तर जुन्या नोंदींचेच आयडी पुन्हा वाटले गेले असते. जुन्या डेटासाठी मला सर्वांत सुरक्षित वाटणारा मार्ग म्हणजे प्रत्येक एंटिटीवर ‘सीक्वेन्स-जनरेटर’ स्पष्ट लिहून त्यात सीक्वेन्सचे नाव ‘हायबरनेट_सीक्वेन्स’ आणि ‘अलोकेशन-साइझ’ १ द्यायचा. हायबरनेटमध्ये ‘डीबी_स्ट्रक्चर_नेमिंग_स्ट्रॅटेजी’ ला ‘लेगसी’ किंवा ‘सिंगल’ करण्याची सोयही आहे, पण ती सोडवते तो प्रश्न नावाचा; वाढीचा आकडा तुम्हाला वेगळा तपासावाच लागतो. एंटिटीगणिक नवे सीक्वेन्स हवेच असतील तर ते ५० ने वाढणारे करा आणि सुरुवातीचा आकडा त्या टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या किमान ५० पुढे ठेवा, कारण हायबरनेट सीक्वेन्सकडून आलेल्या आकड्याला गटाचा शेवट मानतो, आरंभ नव्हे.

यानंतरही ४०३ किंवा (मुखवटा काढला असेल तर) ५०० येत राहिला, तर तिसरी पातळी तपासायची, ती म्हणजे खुद्द डेटाबेसमधली परवानगी. सीक्वेन्स तुम्ही ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी खात्याने तयार केला असेल आणि ॲप्लिकेशन दुसऱ्या खात्याने जोडले जात असेल, तर ‘परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स’ असे येते आणि त्याचा एसक्यूएल-स्टेट ४२५०१ असतो. टेबलावर ‘इन्सर्ट’ चा अधिकार दिला म्हणजे त्याच्या सीक्वेन्सचाही मिळाला असे होत नाही. तो ‘ग्रँट यूसेज ऑन सीक्वेन्स’ या आज्ञेने वेगळा द्यावा लागतो. पुढे तयार होणाऱ्या सीक्वेन्सांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ आहे, पण ती आज्ञा ज्या खात्यासाठी चालवली त्याच खात्याने तयार केलेल्या गोष्टींना लागू होते, हे न कळल्यामुळे ‘आज्ञा दिली तरी चालत नाही’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

डेटाबेसही याच सुमारास नवा घेतला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ पासून ‘पब्लिक’ स्कीमामध्ये (डेटाबेसातल्या टेबलांच्या मूळ कप्प्यात) टेबल तयार करण्याचा अधिकार सर्वांना आपोआप मिळत नाही. जुन्या आवृत्तीतून उतरवून घेतलेल्या डेटाबेसात जुन्याच परवानग्या राहतात, नव्याने तयार केलेल्या डेटाबेसात मात्र ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ येते, आणि डेटाबेसवर ‘ग्रँट ऑल’ दिल्याने ते सुटत नाही, कारण स्कीमाचा अधिकार वेगळा असतो. यात फसवे असे की ‘डीडीएल-ऑटो’ ला ‘अपडेट’ असेल तर टेबल तयार न झाल्याचा हायबरनेट फक्त इशारा लिहितो आणि पुढे जातो. नंतर ‘टेबल सापडत नाही’ असे आले की लोक एंटिटीवरचे टेबलाचे नाव बदलत बसतात.

यावर उपाय म्हणून ॲप्लिकेशनला सर्वाधिकारी खाते देऊ नका, हे आग्रहाने सांगतो. दोन खाती करा: एक स्कीमा बदलणारे, जे फक्त फ्लायवेसाठी (डेटाबेसातले बदल स्क्रिप्टने करणाऱ्या साधनासाठी) ‘स्प्रिंग.फ्लायवे.यूजर’ मध्ये जाईल, आणि दुसरे नोंदी वाचणारे-लिहिणारे, जे ‘स्प्रिंग.डेटासोर्स.यूजरनेम’ मध्ये राहील. मग ‘डीडीएल-ऑटो’ ला ‘व्हॅलिडेट’ ठेवा. ‘व्हॅलिडेट’ आधीपासून असते तर ‘मिसिंग सीक्वेन्स’ असे स्पष्ट सांगून ॲप्लिकेशन सुरू होण्याचेच नाकारले असते आणि हा सगळा शोध पाच मिनिटांत संपला असता.

‘व्हॅलिडेट’ लावल्यावर तुमच्याकडे आणखी एक तक्रार येण्याची शक्यता आहे. कॉलम ‘इंट४’ सापडला पण ‘स्मॉलइंट’ अपेक्षित होता, अशी ती असेल, आणि ती बहुधा वापरकर्त्याच्या ‘रोल’ या कॉलमाबद्दल असेल. हायबरनेट ६ क्रमांकाने साठवलेल्या ‘एनम’ (ठरावीक नावांची यादी असलेला प्रकार) साठी लहान पूर्णांक वापरतो, म्हणून. कॉलमाचा प्रकार बदलून तक्रार मिटेल, पण माझा सल्ला आहे की इथे थांबून क्रमांकाने साठवणेच सोडून द्यावे. ‘एन्युमरेटेड’ या खुणेला काही सांगितले नाही तर ती नावाऐवजी क्रमांक साठवते. समजा तुमच्या ‘एनम’ मध्ये ग्राहक, कर्मचारी, प्रशासक असा क्रम आहे आणि उद्या कोणी वर्णानुक्रमाच्या हौसेने कर्मचारी, ग्राहक, प्रशासक असा लावला, तर एकही नोंद न बदलता सगळे ग्राहक कर्मचारी होतात. मॅपिंगमधल्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे अधिकार फिरतात, आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. म्हणून ‘एनम-टाइप स्ट्रिंग’ लिहा आणि जुने क्रमांक फ्लायवेच्या एका स्क्रिप्टने नावांत बदलून घ्या.

तसाच प्रकार पासवर्डच्या कॉलमाचा. बीक्रिप्टचा (पासवर्ड गुप्त रूपात बदलणाऱ्या पद्धतीचा) परिणाम ६० अक्षरांचा असतो, आणि स्प्रिंगचा ‘डेलिगेटिंग-पासवर्ड-एन्कोडर’ त्याच्या आधी महिरपी कंसात ‘बीक्रिप्ट’ हे नाव जोडत असल्याने तो ६८ वर जातो. कॉलम ५० किंवा ६० चा असेल तर पोस्टग्रेस साठवण्यासच नकार देतो, आणि नोंदणीच्या पानावर तो नकार पुन्हा त्याच ४०३ च्या रूपात दिसतो. कॉलम सरळ २५५ चा करा.

‘जॅव्हॅक्स.पर्सिस्टन्स’ चे ‘जकार्ता.पर्सिस्टन्स’ करणे तुम्ही केलेलेच असणार, नाहीतर यादीही दिसली नसती. फक्त एखाद्या जुन्या लायब्ररीमुळे जुने पॅकेज अजून क्लासपाथवर असेल, तर एखादी एंटिटी जुन्याच आयातीवर संकलित होते आणि सुरू होताना ‘नॉट अ मॅनेज्ड टाइप’ अशी तक्रार येते, एवढे लक्षात असू द्या.

सगळे जुळल्यावर तपासासाठी उघडलेली दारे आठवणीने बंद करा. ‘/एपीआय/’ ला दिलेला ‘परमिट-ऑल’ काढा. सीएसआरएफ बंद ठेवणे टोकन ‘ऑथरायझेशन’ हेडरमधून येत असेल तर चालते. टोकन कुकीत ठेवत असाल तर ते संरक्षण परत सुरू करावे लागेल, कारण कुकी ब्राउझर स्वतःहून पाठवतो.

आणि ट्रेसमध्ये ‘सिक्युअर्ड’ ही ओळच न येता पहिल्याच पत्त्यावर नकार दिसला, तर माझा वरचा अंदाज तुमच्या बाबतीत लागू नाही आणि दोष खरोखरच सुरक्षेच्या नियमांत आहे. तेव्हा आधी ‘हॅज-रोल’ पाहा: तो तुम्ही दिलेल्या नावापुढे ‘रोल_’ हा उपसर्ग स्वतः लावून तुलना करतो, त्यामुळे टेबलात नुसते ‘ॲडमिन’ असेल तर ‘हॅज-ऑथॉरिटी’ वापरावे लागते. त्यानेही सुटले नाही तर पहिल्या ‘सिक्युअरिंग’ पासून शेवटच्या ओळीपर्यंतचा लॉग आणि तुमची ‘सिक्युरिटी-फिल्टर-चेन’ प्रश्नात जोडा. त्याआधी टोकन आणि डेटाबेसचा पासवर्ड त्यातून काढून टाका.