सोलापुरात डॉक्टरांनी सीबीसीटी (दात आणि जबड्याचा थ्रीडी स्कॅन) सांगितलाय. मुलीच्या वरच्या दाताला कीड नाही, तरी हिरडीवर पुळी परत परत येते. हा स्कॅन काढावा का?

हो, स्कॅन काढा. तो पुढच्या मोठ्या दोन दातांच्या शेजारचा दात असेल, कीड नाही आणि तरी पू येतोय, तर ‘दातात दात’ आहे का हे पाहायलाच हवं. दात घडताना इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, आत दुमडतं आणि टाळूकडच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी खाच उरते. जंतू तिथूनच शिरतात.

आमच्याकडे अक्कलकोटहून ११ वर्षांचा मुलगा आला होता. साध्या एक्स-रेत मुळाच्या आत पांढऱ्या कडेचा, थेंबासारखा आकार दिसत होता, पण तो कुठवर गेलाय ते कळेना. साध्या फिल्मवर सगळं एकावर एक पडतं. सीबीसीटीचे काप पाहिले तेव्हा दिसलं, आत दुमडलेल्या भागाची वाट मुळाच्या कडेला उघडते आणि नस पूर्ण वेगळी आहे. ओहलर्स या दंततज्ज्ञाने १९५७मध्ये ‘दातात दात’चे प्रकार पाडले, त्यातला हा तिसरा. यात नस जिवंत असू शकते, म्हणून ती तपासल्याशिवाय रूट कॅनालची घाई करू देऊ नका.

स्कॅन फक्त तेवढ्याच भागाचा मागा, रेडिएशन कमी लागतं. आणि दुसऱ्या बाजूचा तोच दातही दाखवा, बऱ्याचदा दोन्हीकडे असतं. तिथली खाच वेळीच बुजवली तर तो दात वाचतो.