लोकसंख्या वाढली की श्रमशक्तीही तेवढीच वाढते का?

तुम्ही विचारलंय, लोकसंख्या वाढली की देशाची श्रमशक्तीही त्याच प्रमाणात वाढते का. तसं होत नाही. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे, दोन्ही मिळून. म्हणून बेरोजगार तिच्यात मोजला जातो, पण कंटाळून शोधच सोडलेला मोजला जात नाही.

वयाचा भाग सरळ आहे. आपल्याकडे बहुतेक आकडे पंधरा वर्षांवरच्यांचे असतात. पोरं कॉलेजात राहिली की तेवढी वर्षं श्रमशक्तीबाहेर; मुंबईची नोकरी संपवून गावी आलेल्या चाकरमान्यानं काजूची बाग धरली की तो पुन्हा आत. आमच्या वेंगुर्ल्याकडचा पोरगा मुंबईला गेला तर देशाच्या आकड्यात फरक नाही, आखातात गेला तर एक कमी. उलट इथल्या आंब्याच्या बागांत आणि बोटींवर नेपाळी माणसं राबतात, ती इथे राहतात तोवर इथल्याच श्रमशक्तीत.

पण मला विचाराल तर आपल्या देशात आकडा सगळ्यात जास्त हलतो तो बायकांमुळे. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ ला पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ ला ४१.७. पुरुष त्याच काळात ७५.८ वरून ७८.८ वर गेले. सहा वर्षांत बायकांची संख्या काही एवढी वाढली नाही. शिक्षण, लहान मुलं, घराजवळ काम आहे की नाही, यावर त्यांचं आत-बाहेर ठरतं. शिवाय काम कशाला म्हणायचं, यावरही.

आमची काकू मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडते. साली रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रस, पुन्हा ऊन, आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत. बोटं आठवडाभर लाल असतात. ती सोलं, म्हणजे वाळलेल्या साली, बाजारात विकली तर व्याख्येप्रमाणे ते काम. घरच्या कढीपुरती ठेवली तर घरकाम. भात मात्र घरी खायला पिकवला तरी कामात धरतात. वर्षातून असं तीस दिवस काम भरलं, तरी बाई श्रमशक्तीत येते. काकूचे विक्रीची सोलं आणि भाताची लावणी धरून तेवढे दिवस सहज भरतात. तरीही, ती काय करते असं कुणी विचारलं, की काका अजून सांगतात, "ती घरीच असते."